फार्गोच्या केबिनमधला पाहुणा : जुन्यात नवं बसवण्याचा इतिहास



पत्रिकेत आजचा विषय वाचून दोघा-तिघांचे फोन आले. "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता ट्रकमध्ये स्टिरिओ बसवायला कधीपासून लागलात?" प्रश्न रास्त आहे. मी घरातला फ्यूज बदलायलाही वायरमन बोलावतो. पण मागच्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला आणि त्याने एक प्रश्न समोर ठेवला. तो प्रश्न वर्गात तीस वर्षं शिकवलेल्या प्रश्नांपेक्षा अवघड निघाला. त्याचा शोध घेताना मोटारींचा, रेडिओचा आणि आपल्या अजिंठ्याचाही थोडा इतिहास वाचावा लागला. तोच आज सांगणार आहे.

आधी प्रश्न सांगतो. या विद्यार्थ्याच्या आजोबांचा एक फार्गो ट्रक आहे, १९५० च्या आसपासचा, पेट्रोलवर चालणारा. कन्नडहून कापसाच्या गाठी घेऊन औट्रम घाट उतरून चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनला जाणं, हे त्याचं काम होतं. आजोबा गेले, ट्रक शेडमध्ये उभा राहिला. नातवाने दोन वर्षं खर्च करून तो पुन्हा चालता केला. आता त्याच्या वडिलांना, म्हणजे लहानपणी त्याच ट्रकवर क्लीनर म्हणून बसलेल्या मुलाला, पंचाहत्तरावं वर्ष लागत होतं. त्या दिवशी त्यांना त्या ट्रकमधून गावी न्यायचं आणि वाटेत त्यांची आवडती गाणी लावायची, असा बेत होता.

जालना रोडवरच्या एका उस्तादाकडे ट्रक नेला. उस्ताद म्हणाले, "एक घंट्याचं काम आहे. डॅशबोर्ड कापतो, दरवाज्यात दोन स्पीकर टाकतो, गाडी बारा व्होल्टची करून देतो." नातू हो म्हणणार होता, पण डॅशबोर्डच्या अखंड पत्र्यावर कटर टेकवायची वेळ आली आणि त्याचा हात अडला. तो तडक माझ्याकडे आला. "सर, यात चूक काय आहे ते मला सांगता येत नाही, पण काहीतरी चूक आहे."

आता हा फार्गो म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या महाराष्ट्राच्या उद्योगाचा तो एक कागदच आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, फार्गो अशा नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. फार्गो म्हणजे मुळात डॉजचाच ट्रक, बिल्ला वेगळा. त्याआधी १९२८ पासून जनरल मोटर्सचा शिवडीला जुळणीचा कारखाना होताच. पण वालचंदांचं स्वप्न नुसत्या जुळणीचं नव्हतं, मोटार इथेच घडावी असं होतं.

तेव्हा पुष्कळसे ट्रक अर्धेच विकले जात. चासी, इंजिन आणि पुढचा पत्रा कारखान्याचा. मागची बॉडी आणि बऱ्याचदा केबिनसुद्धा गावातल्या सुतार-लोहाराकडून बांधून घ्यायची. या फार्गोची केबिन लाकडी आहे. डॅशबोर्ड कारखान्याचा आणि दाराची चौकट कुण्या मिस्त्रीच्या रंध्याखालून आलेली. म्हणजे एका केबिनमध्ये डेट्रॉइट, कुर्ला आणि मराठवाडा शेजारी शेजारी बसलेत.

आपला हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यातून नुकताच मोकळा झाला होता. त्या राज्यात मोटारीचं कौतुक कमी नव्हतं. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्या घेऊन सरकारी रस्ते वाहतूक सुरू केली, ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी. रेडिओचंही तसंच. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांमध्ये जी पाच नभोवाणी केंद्रं होती, त्यात म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम, हैदराबाद यांच्या जोडीला आपलं औरंगाबाद होतं. म्हणजे गावात मोटार होती आणि रेडिओही होता. पण या ट्रकच्या केबिनमध्ये रेडिओ नव्हता. का नव्हता?

त्याचं कारण विजेत आहे. मोटारीतला रेडिओ अमेरिकेत १९३० मध्ये गॅल्विन बंधूंनी बाजारात आणला, त्याला मोटोरोला नाव दिलं. पण तो वॉल्व्हचा रेडिओ. वॉल्व्हला दोनशेच्या आसपास व्होल्ट लागतात आणि मोटारीची बॅटरी सहा व्होल्टची. मग सुरुवातीला वेगळ्या बॅटऱ्या, पुढे व्हायब्रेटर नावाचा गुणगुणणारा डबा, असा सगळा संसार. महाग, जड आणि बॅटरी खाणारा. मालक कापूस वाहायला ट्रक घेतो, तो हा खर्च कशाला करेल? त्यात आपल्याकडे रेडिओला परवाना लागायचा, पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरायची. १९८० च्या दशकापर्यंत ते चाललं. पोस्टाचं ते छोटं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

श्रीमंतांच्या गाड्यांत वेगळंच चाललं होतं. १९५६ मध्ये क्रायस्लरने मोटारीत चक्क रेकॉर्ड प्लेअर दिला. तबकडी मिनिटाला १६ आणि दोन-तृतीयांश फेऱ्यांच्या संथ गतीने फिरायची. फार टिकला नाही तो. पण त्याच कंपनीच्या नात्यातला आपला फार्गो त्या काळात औट्रम घाट उतरताना मुका होता. ड्रायव्हर स्वतः गायचा.

मग ट्रान्झिस्टर आला. १९४७ च्या डिसेंबरमध्ये बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला, १९५४ मध्ये खिशात मावणारा पहिला रेडिओ विकायला आला. आपल्याकडे १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ट्रकच्या केबिनमध्ये गाणं आलं. कसं आलं, ते आठवा. चामड्याच्या कव्हरमधला ट्रान्झिस्टर खुंटीला नाहीतर आरशाच्या दांड्याला टांगलेला. मुक्काम आला की ड्रायव्हर तो काढून खाटेवर उशाशी ठेवायचा. ट्रकला त्याचा ओरखडासुद्धा नाही.

भोकं पडली ती नंतर, कॅसेटच्या काळात. फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे तिचा पूर आला १९८० च्या दशकात. "टेप" बसवणं हा धंदा झाला. जर्मन मानकानुसार टेपचं तोंड साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच ठरलं होतं, नव्या गाड्यांत तेवढा खण सोडलेला असायचा. जुन्या गाड्यांत नव्हता, मग तो कापून केला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. १९८६ साली मी वडिलांच्या जुन्या फियाटचा डॅशबोर्ड कापून टेप बसवून घेतला. वडिलांना विचारलं नाही. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त गाडीत जाऊन बसले आणि त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. टेप पाच वर्षांत बिघडला, तसा मिळेना, काढून टाकला. भोक राहिलं. त्यावर मी पुठ्ठा लावला, मग प्लायवूड. पुढे वडील गेले, गाडी विकली. घेणाऱ्याने ते भोक दाखवूनच भाव पाडला. पैशाचं सोडा. पण माझ्या वडिलांनी ती गाडी तीस वर्षं जशी ठेवली होती, तशी ती कशी दिसायची हे आज मला कुणाला दाखवता येत नाही. म्हणून विद्यार्थी आला तेव्हा मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून कमी आणि त्या भोकाचा मालक म्हणून जास्त बोललो.

तरी तत्त्वज्ञानाला बाजूला ठेवून चालणार नाही. आपल्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाचं नाव मिलिंद आहे आणि परिसराचं नाव नागसेनवन. रिक्षावालासुद्धा ही दोन्ही नावं रोज घेतो. ही नावं एका संवादातली आहेत. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद रथातून येतो. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. मग हे सगळे भाग मिळून जो व्यवहार चालतो, त्याला आपण रथ हे नाव दिलेलं आहे, इथपर्यंत नागसेन त्याला आणतो. ग्रीकांकडेही अथेन्सच्या थीसियसच्या जहाजाची गोष्ट आहे. कुजलेली फळी काढत आणि नवी घालत गेलं, तर जहाज तेच राहतं का?

विद्यार्थी हुशार आहे. तो म्हणाला, "सर, मग नागसेनाच्या हिशेबाने ट्रक असं काही नाहीच, नुसते भाग आहेत. एक भाग कापला तर बिघडलं काय?"

मी त्याला म्हटलं, अरे, नागसेन रथात आत्मा शोधू नको म्हणतो. रथ मोड असं म्हणत नाही. ट्रकला आत्मा नाही, हे मान्य. तो दुखावला जात नाही, हेही मान्य. पण ट्रक साक्ष देतो. क्लचच्या पेडलचा झिजलेला कोपरा सांगतो की ड्रायव्हर पाय कसा ठेवायचा. दाराच्या लाकडावरचे रंगाचे थर सांगतात की गाडी किती वेळा रंगवली. आणि डॅशबोर्डचा अखंड पत्रा सांगतो की या केबिनमध्ये रेडिओ नव्हता, तुझ्या आजोबांनी तो घाट हजार वेळा नुसत्या इंजिनाच्या आवाजात उतरला. कापलास की ही साक्ष गेली. पुढे तू वेल्डिंग केलंस तरी ते तुझं म्हणणं असेल, ट्रकचं नसेल.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने फार मोठ्या किमतीला शिकलेली आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रं १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञांकडून दुरुस्त करून घेतली, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते गुलाम याझदानी, मोठे विद्वान. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. सुटत चाललेला गिलावा त्या लोकांनी भिंतीला पुन्हा धरून बसवला, त्यामुळे कितीतरी चित्रं आज आहेत. पण रंग पक्के राहावेत म्हणून त्यांनी वरून लाखेचा थर दिला. त्या काळच्या ज्ञानानुसार ते योग्यच होतं. काही वर्षांनी लाख पिवळी-तपकिरी पडली, कडक झाली, धूळ धरू लागली. तो थर उतरवायला पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे अनेक दशकं घालवावी लागली, आणि तीही इंच-इंच जपून, कारण लाखेबरोबर मूळ रंगही यायचा धोका.

एकाच माणसांनी केलेल्या या दोन कामांतला फरक पाहा. गिलावा बसवला तो त्या चित्रांच्या गरजेचा होता. लाख लावली तेव्हा आपलं आजचं ज्ञान शेवटचं आहे, असं गृहीत धरलं गेलं. कुणाला तरी हा थर काढावा लागेल, ही शक्यता मनात नव्हती.

जगभर या प्रकारचे अनुभव आले आणि त्यातून नियम बनत गेले. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत सांगितलं की नवी भर जुन्याशी जुळावी, पण नवी म्हणून ओळखूही यावी. जुन्या वाहनांसाठी अलीकडे तुरिन सनद म्हणून ओळखला जाणारा दस्तऐवज तयार झाला. बदल करावाच लागला तर तो परत काढता यावा आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत, हा त्यातला विचार. आपल्या केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. पण ते दुचाकींसाठी आणि खासगी प्रवासी चारचाकींसाठी. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. राजे-महाराजांच्या मोटारींना संरक्षण मिळतं, कापूस वाहणाऱ्या फार्गोला नाही. त्याचं काय करायचं हे फक्त मालकाच्या हातात. म्हणून मालकाला विचार करावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, सर, बसवला का नाही शेवटी? बसवला. तेही सांगतो, कारण तत्त्व खरं किती ते हातात पाना घेतल्यावरच कळतं.

पहिली अडचण विजेची. त्या काळचे क्रायस्लरचे ट्रक सहा व्होल्टचे आणि पॉझिटिव्ह अर्थचे. म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं. आजचा स्टिरिओ बारा व्होल्टचा आणि त्याची धातूची पेटी ऋण टोकाला जोडलेली. ती पेटी ट्रकच्या पत्र्याला टेकली की सरळ शॉर्ट. फ्यूज उडाला तर नशीब, नाही तर वायर पेटायची. म्हणून उस्ताद गाडीच बारा व्होल्टची करू म्हणत होते. त्यांचं चुकत नव्हतं, पण त्यासाठी बॅटरी, बल्ब, इग्निशन कॉइल, चार्जिंगची यंत्रणा, सगळं बदलावं किंवा सांभाळून घ्यावं लागतं. एका गाण्यासाठी ट्रकचं रक्त बदलायचं का? शिवाय जुन्या वायरींवरचं कापडी वेष्टन ठिसूळ झालेलं असतं. तिथे नवी वायर जोडायला गेलं की हातातच तुकडे. आणि डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरमधून सगळा प्रवाह जातो, त्यावर नवा भार टाकणं धोक्याचं.

तोडगा उस्तादांनीच काढला. ट्रकची वीज घ्यायचीच नाही. घरच्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी घेतली. ट्रकच्या विजेशी तिचा संबंधच नाही, म्हणून धन-ऋणाचं भांडण मिटलं. बॅटरीच्या टोकालाच पाच अँपिअरचा फ्यूज. ब्लूटूथवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे स्टिरिओचं तोंड हवंच कशाला, ते काम मोबाइल करतो. गाणी मोबाइलमध्येच, त्यामुळे एरियलचीही गरज नाही. हे सगळं सागवानी पेटीत. पेटीच्या तळाला नमदा, आणि सीटच्या सांगाड्याला पट्ट्याने बांधलेली, एकही स्क्रू नाही. दोन स्पीकर छोट्या लाकडी खोक्यांत, सीटच्या मागे. मध्यम आवाजात ही बॅटरी पाचेक तास चालते, मग घरी आणून चार्जरला लावायची.

उस्ताद मला म्हणाले, "सर, हे फिटिंग नाही झालं, हे तर सामान ठेवलं." मी म्हटलं, उस्ताद, बरोबर बोललात. पाहुणा आपलं सामान ठेवतो, भिंतीत खुंटी ठोकत नाही.

गंमत अशी की यातलं नवीन असं काही नाही. खुंटीला टांगलेल्या ट्रान्झिस्टरचं शहाणपण साठ वर्षांपूर्वीच्या ड्रायव्हरकडे होतं. मधल्या काळात आपण भोकं पाडली, कारण तेव्हाच्या यंत्राला जागा लागायची. आता यंत्र इतकं लहान झालंय की जागेचं निमित्तही उरलं नाही.

यात तोटा नाही असं मात्र मी म्हणणार नाही. वाढदिवसाच्या दिवशी मीही त्या ट्रकमध्ये होतो. गाडी उभी असताना गाणं छान ऐकू आलं. गाडी चालू झाली, वेग तीसच्या वर गेला आणि सहा सिलिंडरच्या इंजिनापुढे आमच्या दोन खोक्यांचं काही चालेना. नातू हिरमुसला. मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावला असता तर मोठी बॅटरी, मोठे स्पीकर, आणि मग दारं कापणं आलंच. त्याने ते केलं नाही. ही त्याने मोजलेली किंमत आहे आणि ती खरी आहे. वडिलांनी विचारलं, "कशाला इतका खटाटोप? उभं राहून ऐकू की." मग कन्नडच्या अलीकडे एका झाडाखाली ट्रक थांबवला आणि अर्धा तास गाणी ऐकली.

काही लोक म्हणतील, इतकं जपायचं तर स्टिरिओच नको होता. मला ते पटत नाही. ट्रक हा वापरण्यासाठी जन्मलेला आहे. त्यात बसून कुणी गाणं ऐकलं, हाही उद्या त्याचा इतिहास असेल. फक्त आजच्या आनंदासाठी कालची साक्ष पुसू नये आणि उद्याच्या माणसाचा हात बांधू नये, एवढंच म्हणणं आहे. काहीही बसवण्याआधी एक प्रश्न विचारायचा : हे काढता येईल का, आणि काढल्यावर आधी होतं तसंच दिसेल का? वाड्याच्या भिंतीत एसी बसवताना, जुन्या पोथीला चिकटपट्टी लावताना, देवळाच्या दगडावर ऑइल पेंट फासतानाही हाच प्रश्न आहे. देवळांचं तर आपण काय केलंय, ते तुम्ही पाहताच.

शेवटी एक काम सांगतो, ते आम्ही केलं आणि तुम्हीही करू शकता. ट्रकमध्ये एक वही ठेवली आहे. तारीख, काय बसवलं, कोणी बसवलं, कुठला पट्टा कुठे बांधला आणि काढायचं कसं, असं दोन पानांत लिहिलंय. काम करण्याआधी काढलेले केबिनचे फोटो चिकटवलेत. उस्तादांनीही सही केली. अजिंठ्याला चित्रं रंगवणाऱ्यांनी आपली कृती लिहून ठेवली असती तर पुढच्यांचं किती काम हलकं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं. घरात जुनी मोटार, जुना रेडिओ, जुनं शिलाई मशीन असेल तर मिस्त्रीला बोलावण्याआधी फोटो काढा आणि दोन ओळी लिहा. त्यासाठी तत्त्वज्ञान शिकावं लागत नाही.